आईच्या डबा टीव्हीला लॅपटॉप जोडताना

आईचा २१ इंची डबा टीव्ही अजून ठणठणीत आहे, टाकवत नाही. त्याला एचडीएमआय पोर्ट (लॅपटॉपचं चित्र-आवाज एकाच वायरीतून घेणारं भोक) नाही; मागे पिवळं, पांढरं, लाल अशी तीन एव्हीची, म्हणजे ऑडिओ-व्हिडिओची भोकं. मधे लागतो ‘एचडीएमआय टू एव्ही’ कन्व्हर्टर, म्हणजे सिग्नल बदलणारी छोटी डबी. दुकानात ‘एव्ही टू एचडीएमआय’ही मिळतो, दिसायला तस्साच, काम उलटं. मी आधी तोच घेऊन आलो होतो! डबीवर ‘इनपुट’च्या बाजूला एचडीएमआय आहे ना, ते बघूनच पैसे द्या.

डबीला यूएसबीतून ५ व्होल्ट द्या; मोबाइलचा चार्जर चालतो. पिवळी पिन चित्राची, पांढरी-लाल आवाजाच्या. टीव्हीला आवाजाचं एकच भोक असेल तर पांढरी लावा, लाल लोंबकळू द्या. मग रिमोटवर एव्ही, आणि लॅपटॉपवर विंडोज व पी एकदम दाबून ‘डुप्लिकेट’.

चित्र काळंपांढरं आलं किंवा वर-खाली पळायला लागलं, तर टीव्हीला थपडा मारू नका. डबीच्या कडेला नखाएवढं बटण असतं, इकडे पाल (PAL), तिकडे एनटीएससी (NTSC), या टीव्हीवर चित्र दाखवायच्या दोन पद्धती. आपल्याकडचे जुने टीव्ही पालचे, तेव्हा ते पालकडे सरकवा. माझी तासाभराची खटपट तेवढ्यावर मिटली.

बारीक अक्षरं मात्र वाचता येणार नाहीत, कडाही थोड्या कापल्या जातात. एक्सेल उघडायच्या भानगडीत पडू नका. नातवाच्या मुंजीचा व्हिडिओ आईने सलग दोनदा पाहिला.