समुद्रकाठच्या जुन्या अँबेसेडरसाठी: हँडल, चोक, पायडिपर

गुहागर, हर्णै अशा समुद्रालगतच्या गावी जुनी अँबेसेडर उभी असेल, तर ज्या सोयी पुढे गाड्यांतून नाहीशा झाल्या त्यांकडे प्रथम लक्ष द्यावे, कारण खाऱ्या हवेत न हलणारा भाग लवकर जाम होतो. ही गाडी १९५८ पासून २०१४ पर्यंत निघत होती. येथे विचार केवळ जुन्या, कार्ब्युरेटर (हवा व पेट्रोल मिसळणारा भाग) असलेल्या पेट्रोल गाड्यांचा आहे.

पावसाळाभर उभ्या गाडीची बॅटरी उतरते. धक्का देण्यासाठी उतार आणि माणसे दोन्ही लागतात. कोकणात उतार हवा तेवढा मिळतो, माणसे मात्र मुंबईला असतात. अशा वेळी समोरून घालून इंजिन हाताने फिरवायचे हँडल उपयोगी पडते. गियर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करून हँडब्रेक ओढावा आणि चाकांना दगड लावावेत. किल्ली बंद ठेवून इंजिन हळूहळू चार-पाच वेळा फिरवावे, म्हणजे ते अडकलेले नाही हे कळते. नंतर किल्ली चालू करून हँडल खालून वर एका झटक्यात ओढावे. वरून खाली कधीही दाबू नये. अंगठा मुठीत न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवावा, कारण स्पार्क वेळेआधी पडल्यास हँडल उलट उसळते आणि अंगठा किंवा मनगट मोडू शकते. चार झटक्यांत इंजिन सुरू झाले नाही, तर जोर वाढवण्यापेक्षा डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाची) टोपी काढून आतून कोरड्या फडक्याने पुसावी. दमट हवेतला ओलावा बहुधा तेथेच साठतो.

चोक ओढल्याने पेट्रोलच्या प्रमाणात हवा कमी होते व थंड इंजिन लवकर पेट घेते. किनाऱ्यावरच्या उष्ण हवेत तो पूर्ण ओढण्याची गरज क्वचितच पडते. इंजिन स्थिर झाले की तो आत ढकलावा. तसाच राहिल्यास प्लग काळे पडतात आणि जादा पेट्रोल सिलिंडरवरचे तेल धुऊन नेते. केबल अडखळत असल्यास तीत पातळ तेल सोडावे.

क्लचच्या डावीकडचे, पायाने दाबायचे डिपरचे (हेडलाइटचा झोत वर-खाली करण्याचे) बटण मला आजही हाताच्या दांडीपेक्षा सोयीचे वाटते. मात्र ओल्या चपलांची वाळू त्यात शिरते. बॅटरीची तार सोडवून ते उघडावे, टोके घासावीत आणि पायाखालचा पत्राही तपासावा, कारण गंज अनेकदा बटणाऐवजी त्या पत्र्यालाच लागलेला असतो.

पुढच्या दारांच्या तिकोनी काचांच्या खिळीला तेल द्यावे, रबराला नको. रबर तेलाने फुगते आणि काच अडकते.