पाळीच्या दुखण्यात गोळीची वेळ चुकवू नका

पाळी आली की मुलगी पोट धरून मुटकुळं करून पडते, उलट्या होतात, शाळा बुडते. आणि घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘सगळ्यांनाच दुखतं, होईल सवय.’ कृपा करून तिला हे ऐकवू नका. पाळीत गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात, त्यांनी गर्भाशय जोरात आवळतं. दुखणं अगदी खरं असतं.

मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन या गोळ्या ही द्रव्यं तयार होणंच कमी करतात. म्हणून ‘अगदी सहन होईना, तेव्हा देऊ’ असं थांबणं चूक आहे. डॉक्टरांकडून तिच्या वयावजनाप्रमाणे डोस आधीच विचारून ठेवा. दुखायला लागताच, दोन घास खाऊन झाल्यावर गोळी द्या. पुढचे १-२ दिवस त्यांनी सांगितलेल्या अंतरानेच. दमा, अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तो आधी सांगायलाच हवा. एक गोळी दप्तरात राहू द्या आणि वर्गशिक्षिकांना कल्पना द्या.

ओटीपोट शेकायला गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून द्या. खूप आराम पडतो.

२-३ पाळ्या नीट गोळी घेऊनही शाळा बुडतेच आहे, दुखणं वाढतंय किंवा पाळी नसतानाही ओटीपोट दुखतं, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, किशोरवयातही असू शकतो. ‘लग्नानंतर थांबेल’ म्हणत वर्षं घालवू नका. जाताना तारखा, गोळ्या, बुडालेले दिवस लिहिलेली वही सोबत ठेवा, आणि बोलू द्या तिलाच.