ओल्या चुन्यावरचं चर्चचित्र, ठाण्यात
जर्मनीतल्या बव्हेरियाचा चित्रकार माथेउस ग्युंथर (१७०५–१७८८) चर्चची छतं ओल्या गिलाव्यावर रंगवायचा. गिलावा रोज रंगवून होईल तेवढाच. ठाण्यात २ फुटी तुकडा करून बघायचा तर खाडीची रेती नको, मीठ फुलून चित्र पांढरं पडतं. नदीची धुतलेली, चाळलेली रेती २ भाग, महिनाभर पाण्यात मुरलेला चुना १ भाग. खालचा खरबरीत गिलावा आदल्या रात्री भिजवा. वरचा थर जेमतेम ५ मिलिमीटर. ठसा उमटतो पण चुना बोटाला चिकटत नाही, तेव्हा रंग सुरू. गेरू, पिवळी माती चालते. प्रशियन निळा चुन्यात मरतो. पंखा बंदच. मे महिन्यात गिलावा घाईत सुकला की रंग खडूसारखा हाताला येतो, मग डिंक फासून काही उपयोग नाही. आणि हो, चुना कालवताना चष्मा, हातमोजे घालाच.