नेटवर्क मॉनिटरिंगमध्ये नवं फीचर लिहिताय? या चुका टाळा

लिब्रेएनएमएस, झॅबिक्स, नागिऑस या नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरसाठी कोड लिहायला आजकाल बरेच पोट्टे येऊन राहिले, मनापासून आनंद आहे. पण चुका त्याच त्या. मी मोर्शी-वरुडकडं एका छोट्या ब्रॉडबँडवाल्याचं नेटवर्क सांभाळतो आणि रात्री याच सॉफ्टवेअरवर काम करतो, त्यामुळं कोडमध्ये चूक झाली की सकाळी गिऱ्हाइकाचा फोन मलाच येतो.

सगळ्यात जास्त नुकसान केलेली चूक म्हणजे ३२ बिटचा काउंटर. पोर्टवरून किती बाइट आले हे एसएनएमपीनं (नेटवर्कच्या यंत्रांना त्यांची माहिती विचारायची पद्धत) विचारायचे दोन काउंटर आहेत, जुना इफ-इन-ऑक्टेट्स ३२ बिटचा आणि इफ-एचसी-इन-ऑक्टेट्स ६४ बिटचा. नवा माणूस पहिला सापडला तो उचलतो, घरच्या स्विचवर ग्राफ छान येतो, झालं काम. अरे पण तो काउंटर ४२९ कोटी बाइटला भरतो आणि परत शून्यावर येतो. १ जीबीची लिंक फुल चालली तर ३४ सेकंदात एक चक्कर, आणि आपण विचारतो दर ५ मिनिटांनी. मधात किती चकरा झाल्या ते कोडला कळणार कसं? असा ग्राफ ११४.५ एमबीपीएसच्या वर जाऊच शकत नाही, लिंकवर काहीही चालू असो.

मीही हे केलंय. ओएलटीच्या (घराघरातल्या फायबर लाइनी एकत्र येतात ते यंत्र) अपलिंकसाठी, म्हणजे तिथून पुढं इंटरनेटकडं जाणाऱ्या लिंकसाठी, पीक टायमाचा अलर्ट लिहिला होता. एप्रिल महिना, रात्री ८ नंतर फोनवर फोन, भाऊ नेट लय स्लो चालून राहिलं, आणि माझा ग्राफ सांगतो २७ एमबीपीएस, म्हणजे लिंक रिकामी. मग खराबी फायबरमध्येच असं धरून मी दोन पोरांना लाइन तपासायला पाठवलं. भर दुपारी, डोक्याला दुपट्टे बांधून, फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन खांद्याला लावून संत्र्याच्या बगीच्यांमधून ११ किलोमीटर खांबामागून खांब पाहत गेले, जॉइंट उघडले, लॉस (सिग्नलची घट) सगळीकडं बरोबर. तिसऱ्या रात्री मी राउटरवरच लॉगिन करून लाइव्ह ट्रॅफिक पाहिलं तर ६०० एमबीपीएस. ६०० मधून ११४.५ पाचदा वजा करा, २७ च उरतात. तेव्हा हात थंड पडले माझे, दोन पोरं तीन दिवस उन्हात फिरली होती ते माझ्या एका ओळीपायी.

तेव्हापासून सवय अशी की आधी ६४ बिटचाच विचारायचा, नाहीच मिळाला तर ३२ वर यायचं आणि ग्राफवर तसं स्पष्ट लिहायचं. एसएनएमपी व्हर्जन १ मध्ये ६४ बिटचा काउंटर नसतोच, म्हणून किमान व्ही२सी, म्हणजे व्हर्जन २. आणि फीचर दाखवण्याआधी आयपर्फ (लिंकवर मुद्दाम ट्रॅफिक सोडायचं टूल) लावून लिंक भरून पाहायची. काउंटर शून्यावर गेल्यानं निगेटिव्ह आकडा आला की शून्य धरा हा जो शॉर्टकट पोट्टे मारतात, तो मला अजिबात पटत नाही, त्यानं ग्राफ गुळगुळीत होतो आणि खोटा होतो.

दुसरी चूक लाइन गेली की दिसते. नेट-एसएनएमपी (एसएनएमपीनं विचारणारं नेहमीचं टूल) सेटिंग बदलली नाही तर एका प्रश्नाला १ सेकंद थांबतो आणि वरून ५ वेळा परत विचारतो, म्हणजे बंद डब्यापाशी (स्विच, राउटर, काहीही) ६ सेकंद. तुमचा कोड १० गोष्टी एकामागं एक विचारत असेल तर एका डब्यापाशी १ मिनिट गेला. वादळ आलं, ४० डबे बंद पडले, आता ४० मिनिटं मोजा. ज्या रात्री मॉनिटरिंग पाहिजे त्याच रात्री ते अडकून बसलं. मी आधी फक्त सिस-अपटाइम (डबा किती वेळ चालू आहे) विचारतो, उत्तर नाही तर डाउन लिहून पुढं. तपासायला स्विचचा प्लग खरंच काढा, डोक्यात कल्पना करून भागत नाही.

इफ-इंडेक्सवर (पोर्टचा नंबर) विसंबू नका, रीबूटनंतर तो बदलू शकतो आणि एका गावाचा ग्राफ दुसऱ्या गावाच्या नावावर दिसतो, इफ-नेमशी (पोर्टचं नाव) जुळवून घ्या. सिस-अपटाइम ४९७ दिवसांनी शून्यावर येतो, त्याला रीबूट समजू नका. पायथनचा प्लगिन (तपासणी करणारा छोटा प्रोग्राम) एरर येऊन मधातच कोसळला तर एक्झिट कोड (संपताना दिलेला आकडा) १ देतो आणि नागिऑस त्याला वॉर्निंग समजतो, म्हणून एरर पकडून ३ द्या, अननोन. पहिल्याच पुल रिक्वेस्टमध्ये (माझा कोड घ्या अशी विनंती) दोन हजार ओळी टाकू नका बाप्पा, तपासणारा माणूसही दिवसभराचं काम करून बसलेला असतो.

आणि टेस्ट डेटा म्हणून एसएनएमपी वॉकची (डब्यानं दिलेल्या सगळ्या उत्तरांची) फाइल जोडता तेव्हा ती उघडून वाचा. पोर्टच्या डिस्क्रिप्शनमध्ये आपण गिऱ्हाइकाचं नाव, मोबाइल नंबर, सगळं लिहून ठेवलेलं असतं. एकदा गिटवर पुश झालं की पुढच्या कमिटमध्ये (नोंदवलेला बदल) पुसूनही जुन्या कमिटमध्ये ते राहतं. कम्युनिटी स्ट्रिंग (एसएनएमपीचा पासवर्डच समजा) गेली असेल तर आधी सगळ्या डब्यांवर ती बदला, मग गिट साफ करत बसा.