फुप्फुसात गाठ दिसली: कॅन्सरच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाताना

सगळ्यात आधी जुने एक्स-रे आणि सीटी शोधा. नुसते रिपोर्ट नाही, फिल्म आणि सीडीसुद्धा. माझ्या आत्याच्या सीटीत आठ मिलिमीटरची गाठ दिसली आणि घरात रडारड सुरू झाली. मग कपाटाच्या खालच्या खणात चार वर्षांपूर्वीची सीडी सापडली, न्यूमोनियाच्या वेळी काढलेली. गाठ तेव्हाही तिथेच होती, तेवढीच. घन, म्हणजे भरीव, गाठ दोन वर्षं जराही वाढलेली नसेल तर ती कॅन्सरची असण्याची शक्यता फार कमी असते. आत्याला सुई टोचून घ्यावी लागली नाही. म्हणून घर उलटंपालटं करावं लागलं तरी चालेल, पण जुनी सीडी मिळवाच. मिळत नसेल तर जिथे तपासणी झाली तिथे प्रत मागा.

मग धूम्रपानाचा हिशेब मांडा. रोजची वीस सिगारेटची किती पाकिटं आणि किती वर्षं, यांचा गुणाकार म्हणजे पॅक-इयर. रोज दहा सिगारेट तीस वर्षं ओढल्या तर ते 15 पॅक-इयर झाले. सोडली असेल तर कोणत्या वर्षी, तेही लिहा. घरच्यांसमोर खरा आकडा सांगायची लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या, पण कमी करून सांगू नका. कधीच ओढली नसेल तर तेही ठळक लिहा. या आजाराला धूम्रपान न करणारी माणसंही सापडतात. दुसऱ्याचा धूर, जमिनीतून येणारा किरणोत्सर्गी रेडॉन वायू, अ‍ॅस्बेस्टॉस, हवेतलं प्रदूषण, घरातला आजाराचा इतिहास, यांतलं जे लागू असेल ते नोंदवा.

हाच हिशेब स्क्रीनिंगलाही, म्हणजे त्रास नसताना कॅन्सर शोधायच्या तपासणीलाही, लागतो. अमेरिकेतल्या 2021च्या शिफारशीनुसार वय 50 ते 80, किमान 20 पॅक-इयर, आणि अजून ओढणारा किंवा गेल्या 15 वर्षांत सोडलेला, अशा माणसाने दरवर्षी कमी किरणांचा सीटी करावा. तिथल्याच 53 हजारांहून जास्त लोकांच्या अभ्यासात साध्या एक्स-रेच्या तुलनेत या सीटीमुळे फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्क्यांनी घटले. तो निकाल 2011 साली आला. पण त्याच अभ्यासात सीटीच्या दर चार तपासण्यांमागे जवळजवळ एकीत काहीतरी दिसलं, आणि त्यातल्या 96 टक्के वेळा तो कॅन्सर नव्हता. रिपोर्टमध्ये ‘नोड्यूल’ (लहान गाठ) शब्द वाचून रात्रभर जागण्याआधी हे आठवा. आणि स्क्रीनिंग असतं काही त्रास नसलेल्यांसाठी. थुंकीतून रक्त, तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, बसलेला आवाज, घटणारं वजन किंवा एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया असेल तर स्क्रीनिंगची वाट न बघता सरळ डॉक्टर गाठा. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. लहान गाठ हृदयाच्या किंवा बरगडीच्या सावलीत लपते.

औषधांची यादी करताना पिशवीच उचलून न्या. रक्त पातळ करणारी गोळी बायोप्सीआधी (तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढण्याआधी) काही दिवस थांबवावी लागते, पण ती कधी थांबवायची हे डॉक्टर सांगतील, आपण नाही. अ‍ॅसिडिटीची गोळी क्षुल्लक वाटते, पण कॅन्सरच्या काही गोळ्यांचं शोषण तिच्यामुळे कमी होतं. संधिवातासारखा प्रतिकारशक्तीचा आजार किंवा अवयव प्रत्यारोपण झालं असेल तर ते आवर्जून सांगा, कारण इम्युनोथेरपीचा, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या उपचाराचा, निर्णय त्यावर फिरू शकतो. ताकदीच्या म्हणून घेतलेल्या गोळ्याही दाखवा. बीटा-कॅरोटिनच्या गोळ्यांनी धूम्रपान करणाऱ्यांमध्ये हा कॅन्सर वाढल्याचं मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे.

पेट स्कॅनला (आजार शरीरात कुठे पसरला आहे ते दाखवणाऱ्या तपासणीला) चार ते सहा तास उपाशीपोटी जावं लागतं आणि साखर आटोक्यात हवी. मधुमेह असेल तर वेळ ठरवतानाच तसं सांगा. आदल्या दिवशी जड व्यायाम नको.

आता बायोप्सी, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे. बाबांच्या वेळी सुईने आलेला तुकडा इतका लहान होता की कॅन्सर आहे एवढंच कळलं. जनुकीय तपासणीला तो पुरला नाही आणि पुन्हा सुई घालावी लागली. टेबलावर ते माझा हात घट्ट धरून एवढंच म्हणाले, ‘पुन्हा?’ ते अजून कानात आहे. म्हणून आधीच विचारा: ‘या तुकड्यातून ईजीएफआर, एएलके आणि बाकीच्या जनुकीय तपासण्या, शिवाय पीडी-एल1, सगळं होईल ना?’ ईजीएफआर आणि एएलके ही जनुकं, त्यांतल्या बदलांवर नेमक्या गोळ्या असतात; पीडी-एल1 हे प्रथिन, इम्युनोथेरपी कितपत लागू पडेल याचा अंदाज देणारं. नंतर पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि त्याच्या काचपट्ट्या कुठे ठेवल्या आहेत ते लिहून ठेवा. दुसरं मत घ्यायचं झालं तर रिपोर्टपेक्षा त्याच जास्त लागतात.

जनुकीय रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागू शकतात आणि तो काळ जीव खातो. ‘काहीतरी सुरू करा हो,’ असं तोंडातून निघतंच. फुप्फुसाच्या कॅन्सरचे मुख्य प्रकार दोन: नॉन-स्मॉल सेल आणि स्मॉल सेल. तरी नॉन-स्मॉल सेल प्रकार असेल, आजार पसरलेला असेल आणि प्रकृती स्थिर असेल, तर रिपोर्टआधी इम्युनोथेरपी घाईने सुरू करण्याबद्दल डॉक्टरांशी नीट बोला. आधी ती आणि मग ईजीएफआरची गोळी, असा क्रम झाला तर फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. स्मॉल सेलची गोष्ट वेगळी. तो भराभर वाढतो, तिथे दिवस घालवायचे नसतात.

वहीत प्रश्न मोजकेच लिहा. प्रकार कोणता, स्टेज कोणती, मेंदूचा एमआरआय हवा का, शस्त्रक्रिया शक्य आहे का आणि नसेल तर नेमकी कशामुळे. उपचार बरं करण्यासाठी आहे की आटोक्यात ठेवण्यासाठी, हा प्रश्न विचारताना घसा कोरडा पडतो, तरी विचारा. सोबत दोघं असावीत: एकाने ऐकायचं, दुसऱ्याने लिहायचं. पॅलिएटिव्ह टीमची (वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या डॉक्टर-नर्सची) भेटही सुरुवातीलाच मागा. ती शेवटच्या दिवसांपुरती नसते. पसरलेल्या आजारात ती लवकर मिळाल्याने लोकांचे दिवस सुसह्य झाल्याचं 2010च्या एका अभ्यासात दिसलं, आणि ते जगलेही थोडे जास्त.

सिगारेट अजून सुरू असेल तर आता ती थांबवण्यासाठी मदत मागा. ‘आता काय उपयोग’ हे खरं नाही. शस्त्रक्रियेनंतर जखम भरण्यापासून रेडिएशनच्या परिणामापर्यंत त्याचा फरक पडतो.

आणि वहीच्या पहिल्या पानावर रात्री-अपरात्री लागणारा दवाखान्याचा नंबर मोठ्या अक्षरात लिहा. केमो सुरू असताना 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप गेला, किंवा इम्युनोथेरपीत नव्याने दम लागू लागला, तर सकाळची वाट बघायची नसते. घरात थर्मामीटर आहे का आणि तो चालतो का, ते आजच पाहून घ्या.