जुना चेन डोझर: गोव्याच्या पावसात जपायचा कसा, चालवायचा कसा

डिचोली, सत्तरी, सांगे बाजूला अजून कितीतरी जुने चेन डोझर उभे आहेत, २०१२ ला खाणी थांबल्या, मग २०१८ ला परत थांबल्या, आणि मशीन जिथे होती तिथेच राहिली. काही भंगारात गेली, काही लोकांनी बागायतीसाठी घेतली, काजूच्या डोंगरात रस्ता काढायला, कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) जायची वाट नीट करायला. तुमच्याकडे असं एखादं असेल तर एक गोष्ट आधीच सांगतो, ही मशीन कामाने मरत नाहीत, उभी राहून मरतात. पाणी आणि चिखल हेच तिचे खरे वैरी.

पहिलं म्हणजे नंबर प्लेट शोधा. जुन्या कॅटरपिलर डी४ वर ६यू किंवा ७यू ने सुरू होणारा सिरियल नंबर असतो, ६यू म्हणजे दोन चेनच्या मध्यरेषांमधलं अंतर ४४ इंच आणि ७यू म्हणजे ६० इंच. पार्ट मागवताना आणि मॅन्युअल शोधताना हा नंबरच लागतो, नुसतं "डी४ चा पार्ट द्या" म्हटलं तर चुकीचा पार्ट गळ्यात पडायची शक्यता जास्त.

आता स्टार्ट करणं. बीईएमएल या भारतीय कंपनीचा डी८० वगैरे असेल तर सेल्फवर, म्हणजे बॅटरीच्या स्टार्टरवर होतो, २४ व्होल्टच्या बॅटऱ्या चार्ज ठेवा, टर्मिनलना पेट्रोलियम जेली लावा कारण आपल्याकडच्या हवेत हिरवा गंज पटकन धरतो, एवढं केलं की झालं. पण जुन्या डी४, डी६, डी७ मध्ये मोठ्या डिझेल इंजिनाला फिरवायला बाजूला छोटं पेट्रोल इंजिन असतं, त्याला पोनी म्हणतात, दोन सिलिंडरचं. त्याचं स्वतःचं ऑइल वेगळं असतं, ते बघायचं लोक हमखास विसरतात. पोनी चालू झालं की लगेच डिझेलला जोडू नका, थोडा वेळ नुसतं चालू दे, कारण दोन्ही इंजिनांचं पाणी एकच आहे त्यामुळे मोठं इंजिनही आपोआप गरम होतं. मग पोनीचा क्लच सोडवून पिनियन (दोन्ही इंजिनं जोडणारा छोटा गिअर) गुंतवा, कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर स्टार्टवर ठेवूनच क्लच लावा, डिझेल इंजिन मोकळं फिरायला लागेल. ऑइल प्रेशरचा काटा वर आला ना, मगच लिव्हर रनवर घ्या आणि डिझेल सोडा. काटा हलत नसेल तर तिथेच थांबा, पुढे जाऊच नका. डिझेल पकडलं की पोनीचं पेट्रोल कॉक बंद करा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडू दे. पेट्रोल आत राहिलं तर सुकून चिकट होतं आणि पुढच्या वेळी जेट चोक.

चालवायला बसल्यावर हातातला मेन क्लच बघा. तो लावताना शेवटी कट्ट असा झटका बसला पाहिजे. झटका येत नसेल तर क्लच सरकतोय, ॲडजस्ट केल्याशिवाय कामाला लावू नका, प्लेटा जळतील. गिअर मशीन थांबवूनच बदलायचा, आणि म्हणूनच उताराला लागायच्या आधी वरच लहान गिअर टाकून घ्यायचा. न्यूट्रलमध्ये उतार कधीच नाही, कितीही छोटा असला तरी.

उताराचीच अजून एक गोष्ट, आणि ही जीवावरची आहे. वळायला दोन स्टिअरिंग लिव्हर असतात, ओढला की त्या बाजूच्या चेनचा क्लच सुटतो. सपाटीवर उजवा लिव्हर ओढला की मशीन उजवीकडे वळतं. पण तीव्र उतारावर, इंजिन मशीनला धरून ठेवत असताना, नुसता उजवा लिव्हर ओढला आणि ब्रेक दाबला नाही तर उजवी चेन मोकळी सुटून जोरात पळते आणि मशीन डावीकडे जातं! नवीन माणूस घाबरून लिव्हर अजून ओढतो. जांभ्याच्या डोंगरात एका बाजूला कडा असताना हे काय होऊ शकतं ते वेगळं सांगायला नको. त्यामुळे लिव्हरबरोबर त्याच बाजूचा ब्रेक दाबायचाच, आणि शक्यतो वळण वरच घेऊन सरळ खाली उतरायचं. ज्याला शिकवताय त्याला आधी मोकळ्या मैदानात भरपूर फिरवा, उतारावर नंतर.

चेनकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, अशा मशीनचा निम्मा खर्च खालच्या भागातच जातो असं कुठलाही जुना फिटर सांगेल. पुढचं आयडलर (चेन ज्यावरून वळते ते मोठं चाक) आणि वरचा रोलर यांच्यामध्ये चेनवर सरळ पट्टी ठेवा, डी४ सारख्या मशीनला साधारण १ ते दीड इंच झोळ हवा. टाईट चेन चांगली दिसते पण पिन-बुश (चेनचे सांधे) आणि स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) खाते. पावसात लाल माती चेनमध्ये भरली की ती अजून टाईट होते, म्हणून संध्याकाळी काम संपल्यावर लगेच पहार आणि फावडं घेऊन माती काढा, दुसऱ्या दिवसापर्यंत ती दगड होते आणि रोलर फिरायचे बंद होतात, मग एका बाजूने घासून सपाट होतात. नंतरच्या मशीनमध्ये ग्रीस भरून चेन ताणतात, ती ढिली करताना व्हॉल्व्ह एका आट्यापेक्षा जास्त उघडायचा नाही आणि तोंड समोर आणायचं नाही, आत प्रचंड प्रेशर असतं. आणि आयडलरच्या मागची मोठी स्प्रिंग घरी उघडायच्या भानगडीत पडूच नका, ती दाबून बसवलेली असते, सुटली तर माणूस जातो. ते काम प्रेस असलेल्या वर्कशॉपचंच.

फायनल ड्राइव्हचं (स्प्रॉकेट फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरच्या पेटीचं) ऑइल बघायची सोपी रीत म्हणजे रात्रभर मशीन उभं राहू द्या, सकाळी हलवायच्या आधी खालचा प्लग थोडासाच ढिला करा. पाणी जड, ते आधी बाहेर येतं. पाणी आलं किंवा ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर सील गेलंय. डिझेल टाकीचंही तेच, सकाळी तळाचा कॉक उघडून पाणी काढा, आणि संध्याकाळी टाकी भरून ठेवा म्हणजे आत दव धरत नाही. एअर क्लीनर ऑइलवाला असेल तर उन्हाळ्यात लाल धुळीने वाटी लवकर भरते, तळाला गाळ साचला की धुऊन नवीन ऑइल घाला.

आता मिरगाच्या आधीची तयारी. मशीन उंच जागी, जाड लाकडी स्लीपरवर चढवा, ब्लेडखाली पण लाकूड ठेवून ब्लेड टेकवा. सायलेन्सरवर डबा घाला. सीटखाली उंदीर घर करतात, ते बघा. जुन्या डी४ चे स्टिअरिंग क्लच कोरडे असतात आणि दमट हवेत त्याच्या प्लेटा गंजून एकमेकीला चिकटतात, मग लिव्हर ओढला तरी मशीन वळतच नाही. यावर उपाय म्हणजे दोन्ही लिव्हर मागे ओढून दोरीने बांधून ठेवायचे, प्लेटा सुट्या राहतात. क्लचच्या कप्प्याखाली ड्रेन प्लग असतो, तो काढून साचलेलं पाणी आणि ऑइल जाऊ द्या. वरून ताडपत्री घालायची असेल तर खाली हवा खेळली पाहिजे, गच्च गुंडाळलेल्या ताडपत्रीत उघड्यापेक्षा जास्त गंज येतो, त्यापेक्षा पत्र्याची साधी शेड बरी.

आणि पावसाळ्यात मधून मधून उघडीप बघून चालू करा, पण पाच मिनिटं घरघर करून बंद नको, त्याने आत उलट पाणी धरतं. काटा गरमवर येईपर्यंत चालू द्या, दोऱ्या सोडून थोडं पुढे-मागे न्या, दोन्ही लिव्हर आणि ब्रेक वापरून बघा, मग लिव्हर परत बांधून पोनीचं पेट्रोल बंद आहे ना ते तपासा.