जोत्याचा स्लॅब टाकण्यापूर्वी: सांगली परिसरातील नव्या घरासाठी तपासणीची यादी

जोत्यातील भराव, सोलिंग (म्हणजे भरावावर रचलेला दगडांचा थर), सांडपाण्याचे पाइप आणि लोखंडी जाळी या गोष्टी काँक्रीट पडताच कायमच्या झाकल्या जातात. म्हणून ही तपासणी काँक्रीटच्या दिवशी सकाळी नव्हे, तर भरावाचा पहिला थर पडतो त्याच दिवशी सुरू केली पाहिजे. मिक्सर दारात उभा राहिला आणि मजूर कामाला लागले की काम थांबवा असे सांगणे बहुतेक घरमालकांना जमत नाही, आणि ठेकेदारालाही ते ठाऊक असते. तेव्हा आपल्या अभियंत्याने लेखी संमती दिल्याशिवाय काँक्रीटची तारीख ठरणार नाही, हे काम देतानाच स्पष्ट करून घ्यावे.

सर्वप्रथम मंजूर नकाशा आणि स्ट्रक्चरल ड्रॉइंग यांची प्रत जागेवर ठेवावी, आणि जोत्याची उंची त्यांच्याशी ताडून पाहावी. निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, तर लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची असते. या दोन रेषांमधील प्लॉटवर जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर उंच असावे लागते. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेले होते, हे सांगलीत सर्वांना आठवते. परंतु पुलावरील फूटपट्टीचा आकडा म्हणजे आपल्या प्लॉटवरील पाण्याची उंची नव्हे. लाल रेषेची पातळी सर्व्हेअरकडून उपकरणाने प्लॉटवर आणून घ्यावी आणि कॉलमवर रंगाने खूण करून ठेवावी. त्याच वेळी खोल्यांचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. ते सारखे आले, तरच कोपरे काटकोनात आहेत.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. या हालचालीचा जोर एवढा असतो की तिच्यावर टेकलेला पातळ स्लॅब वर उचलला जातो, फरशी तडकते आणि दारे चौकटीत अडकू लागतात. कॉलमचे फुटिंग (म्हणजे पायाचा तळ) कठीण मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेले, म्हणून जमिनीचा स्लॅब सुरक्षित झाला असे नाही, कारण स्लॅबचा भार त्याच्या खालच्या भरावावर असतो. पायाच्या खोदाईतून निघालेली काळी माती जोत्यातच ढकलून देण्याचा प्रकार या भागात सर्रास चालतो. त्यात ठेकेदाराची वाहतूकही वाचते आणि मुरुमाचा खर्चही, पण नुकसान मात्र घराचे होते. ही माती जोत्याबाहेर गेली आहे, आणि मूळ जमिनीवरचा काळ्या मातीचा थर अभियंत्याने सांगितलेल्या खोलीपर्यंत काढला आहे, हे स्वतः उभे राहून पाहावे. थर फारच खोल असेल, तर न फुगणाऱ्या चिकण मुरुमाचा जाड थर द्यायचा, की स्लॅब मातीवर न टेकवता प्लिंथ बीमवर (जोत्याच्या पातळीवरील काँक्रीटच्या तुळईवर) पेलायचा, याचा निर्णय अभियंत्यानेच घ्यावा.

मुरूम 15 ते 20 सेंटिमीटरच्या थरांनी पसरावा, पुरेसे पाणी मारावे आणि प्रत्येक थर कॉम्पॅक्टरने किंवा धुमसाने दाबावा. सगळा भराव एकदम टाकून वरून पाणी सोडले, तर फक्त वरचा भाग बसतो आणि आतील पोकळी पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत खाली खचते. मुठीत दाबलेल्या मुरुमाचा गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये, इतपत ओल योग्य समजावी. दाबलेल्या थरात 12 मिलिमीटरची सळई हाताने रेटून पाहावी. ती सहज आत गेली, तर तो थर पुन्हा दाबून घ्यावा. प्लिंथ बीमलगतच्या कडा आणि कोपरे येथे यंत्र पोहोचत नाही, म्हणून तेथे अधिक लक्ष द्यावे. सोलिंगचे दगड उभे, एकमेकांना घट्ट रचावेत आणि फटी चिपांनी व मुरुमाने भरून घ्याव्यात.

प्लिंथ बीममधील रिंगांची (उभ्या-आडव्या सळयांभोवती बांधलेल्या कड्यांची) टोके 90 अंशांवर न थांबता 135 अंशांत आत वळलेली असावीत आणि वळणानंतरचे टोक किमान 65 मिलिमीटर असावे. शेजारच्या सातारा जिल्ह्यात 11 डिसेंबर 1967 रोजी झालेला कोयनेचा भूकंप लक्षात घेता या बाबतीत सूट देऊ नये.

सांडपाण्याचे पाइप उतारासह बसवल्यावर त्यांचे शेवटचे तोंड बंद करून पाणी भरावे आणि पातळी उतरते का, हे पाहावे. बीममधून जाणाऱ्या पाइपसाठी स्लीव्ह (म्हणजे पाइप आरपार जाण्यासाठीच्या मोठ्या नळ्या) आधीच ठेवावेत, कारण नंतर छिन्नीने बीम फोडणे म्हणजे त्याची ताकद घालवणे होय.

वाळवी प्रतिबंधासाठी क्लोरपायरीफॉस 20 ईसी वापरत असल्यास 1 लिटर औषधात 19 लिटर पाणी मिसळून 1 टक्क्याचे द्रावण करावे आणि जोत्याच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला 5 लिटर या प्रमाणात फवारावे. औषधाचा डबा आपल्यासमोर उघडावा. विहीर किंवा बोअर जवळ असल्यास या कामाबाबत तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. त्यानंतर प्लॅस्टिकचा कागद जोड एकमेकांवर घेऊन अंथरावा.

जाळीच्या सळयांचा व्यास आणि अंतर ड्रॉइंगप्रमाणे मोजावे. जाळी कागदावर पडलेली नसावी; ती कव्हर ब्लॉक (खालचे छोटे ठोकळे) आणि चेअर (सळईचे आधार) यांवर उचललेली असावी. काँक्रीट टाकताना जाळी हाताने वर ओढू, असे मिस्त्री म्हणत असल्यास ते मान्य करू नये, कारण पायाखाली ती पुन्हा खाली बसते.

पाण्याची परीक्षा मात्र विसरू नये. मिरज, पलूस, वाळवा या तालुक्यांतील क्षारपड भागांत विहिरीचे पाणी खारे असू शकते, आणि आरसीसी कामासाठी क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत आधीच द्यावा. मिश्रणात सिमेंटच्या एका गोणीला साधारण 27 लिटरपेक्षा जास्त पाणी जाणार नाही, यासाठी मिक्सरजवळ माप ठेवून एक माणूस उभा करावा, आणि वाळू ओली असल्यास तेवढे पाणी कमी करावे. मे महिन्यात काम असेल, तर वळिवासाठी ताडपत्री आणि बंद पडल्यास दुसरा व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून घट्ट बसवणारे यंत्र) तयार असावा. काँक्रीटच्या चाचणीसाठीच्या ठोकळ्यांचे साचे तेल लावून ठेवावेत, आणि पुढील किमान 10 दिवस क्युरिंगसाठी (काँक्रीट ओले ठेवण्यासाठी) पुरेल इतक्या पाण्याची टाकी किंवा टँकर ठरल्याची खात्री करूनच अभियंत्याची सही घ्यावी.